सगळं आपल्या हातात असतं का? नियंत्रणाच्या सवयी आणि मनाचं स्वास्थ्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये समुपदेशक म्हणून काम करताना जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत निफाड-दिंडोरीचे बागायतदार आहेत, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले कामगार आहेत आणि सगळ्यात जास्त आया आहेत. कोणी ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलले आहेत.

‘नियंत्रणाची पद्धत’ म्हणजे नेमकं काय?

गोष्टी मनासारख्या घडत नसल्या की आपण काय करतो, ती सवय. समजा, कसारा घाटात ट्रक बंद पडलाय आणि मागे लांबच लांब रांग लागली आहे. एक जण हॉर्नवरचा हात काढत नाही. दुसरा खाली उतरून पुढे काय झालंय ते बघून येतो आणि उशीर होणार म्हणून मुंबईला फोन करून कळवतो. तिसरा गाडी बंद करतो, डबा उघडतो आणि शेजारच्या गाडीत रडणाऱ्या लेकरालाही पोळीचा लाडू देतो. चौथा ‘हे सगळं माझ्याच मागे का लागतं’ म्हणत स्टेअरिंगवर डोकं टेकवतो. घाट तोच, ट्रक तोच. रात्री घरी पोचल्यावर मात्र चौघांची मनं वेगळ्या ठिकाणी असतात. हेच वर्षानुवर्षं होत राहिलं की ते झोपेत आणि घरातल्या बोलण्यात दिसायला लागतं.

यावर अभ्यास झालाय, की हे तुमचं निरीक्षण आहे?

खूप अभ्यास झालाय. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ज्युलियन रॉटर यांनी १९६६ मध्ये ‘नियंत्रण केंद्र’ मोजणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यात वाक्यांच्या २९ जोड्या आहेत, प्रत्येक जोडीतलं पटेल ते एक वाक्य निवडायचं. (त्यांतल्या ६ जोड्या नुसत्या भरतीच्या आहेत, प्रश्नावलीचा रोख चटकन कळू नये म्हणून.) आयुष्यात जे घडतं ते मुख्यतः आपल्या करण्याने घडतं असं मानणारे लोक अंतर्नियंत्रित, ते नशिबाने किंवा दुसऱ्यांमुळे घडतं असं मानणारे बाह्यनियंत्रित.

पुढच्या अनेक अभ्यासांत अंतर्नियंत्रित लोकांमध्ये सरासरीने नैराश्य आणि चिंता कमी आढळली. कारण साधं आहे. गोळ्या घेतल्याने साखर आटोक्यात येते असं ज्याला वाटतं, तोच गोळ्या वेळेवर घेतो. पण हा संबंध दोन्ही बाजूंनी चालतो हेही लक्षात ठेवा. नैराश्य आलं की ‘माझ्या हातात काही नाही’ असं वाटू लागतंच.

आणि मनाचं स्वास्थ्य म्हणजे नुसता आजार नसणं नव्हे. कॅरोल रिफ यांनी १९८९ मध्ये त्याचे सहा पैलू मांडले: स्वतःचा स्वीकार, चांगली नाती, स्वायत्तता, भोवतालची परिस्थिती हाताळता येणं, जगण्याला हेतू असणं आणि स्वतःची वाढ. नियंत्रणाच्या सवयींचा धागा यांतल्या प्रत्येकाशी कुठे ना कुठे जुळतो.

म्हणजे ‘सगळं माझ्याच हातात आहे’ असं मानलं की मन ठणठणीत राहील?

नाही. व्यासपीठावरून कितीही जोरात सांगितलं गेलं तरी नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ मध्ये उठवली. त्या काळात एक कांदा उत्पादक शेतकरी माझ्याकडे आले होते. लिलावात मिळालेल्या भावाची पट्टी त्यांनी घडी करून खिशात ठेवली होती, आणि बोलता बोलता ती सारखी बाहेर काढून बघत होते. ‘माझंच नियोजन चुकलं’, हे एकच वाक्य. त्यांनी आठवडाभर आधी माल काढला असता तर, कांदाचाळीत अजून थांबवला असता तर... दिल्लीतल्या एका आदेशाचा सगळा दोष हा माणूस स्वतःच्या डोक्यावर घेऊन फिरत होता. अशा वेळी ‘सगळं आपल्या हातात असतं’ हे वाक्य औषध नसतं, ते जखमेवरचं मीठ असतं.

हॅना लेव्हेन्सन यांनी १९७३ मध्ये हाच मुद्दा पकडला. ‘बाह्य’ म्हणून जे एकत्र बांधलं जातं त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं त्या म्हणाल्या: एक दैव किंवा योगायोग, दुसरी सत्ता असलेली माणसं. पाऊस हे दैव, निर्यातबंदी हा माणसांचा निर्णय. दैवापुढे हात जोडता येतात, निर्णयाविरुद्ध संघटना बांधता येते. सत्ता दुसऱ्याकडे आहे हे ओळखणं हा मनाचा दुबळेपणा नाही, पुष्कळदा ती नजर साफ असल्याची खूण असते.

मग योग्य पद्धत कोणती?

इथे मला डीन शापिरो यांची मांडणी सगळ्यात उपयोगी वाटते. त्यांनी ‘नियंत्रण किती’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘नियंत्रण कशा प्रकारचं’ हे विचारलं आणि चार पद्धती सांगितल्या. मी त्यांना आपल्या शब्दांत अशी नावं देते: कंबर कसणं, समजून सोडणं, अट्टहास आणि हातपाय गाळणं. पहिल्या दोन तब्येतीला मानवणाऱ्या, पुढच्या दोन पोखरणाऱ्या. घाटातले चौघे याच क्रमाने आठवा: खाली उतरून फोन करणारा, डबा उघडणारा, हॉर्न वाजवणारा आणि स्टेअरिंगवर डोकं टेकवणारा.

गंमत अशी की बाहेरून बघणाऱ्याला कंबर कसणं आणि अट्टहास सारखेच दिसतात. दोन्हींत माणूस राबतोय. समजून सोडणं आणि हातपाय गाळणंही तसंच, दोन्हींत माणूस स्वस्थ बसलाय. फरक आत असतो.

एका द्राक्ष बागायतदाराचं उदाहरण देते. ऑक्टोबर छाटणी झालेली, बाग फुलोऱ्यात, आणि अवकाळीचा अंदाज. या अवस्थेत पाऊस पडला तर घड कुजतात, गळतात, डाऊनी हा बुरशीचा रोग पसरतो. हे दादा सायंकाळी फवारणी करून आले. ट्रॅक्टर, ब्लोअर, औषध, सगळं चोख. ही कंबर कसणं. मग रात्री बारापासून पहाटेपर्यंत दर अर्ध्या तासाने मोबाइलवर ढगांचा नकाशा. तीन वेगवेगळी अ‍ॅप, तिन्हींत वेगळा अंदाज. पत्नी म्हणाली, ‘अहो, झोपा आता,’ तर तिच्यावर खेकसले. पाच वाजता बॅटरी घेऊन बागेत, पानामागे बोट फिरवून ओल बघायला. नकाशा बघितल्याने एकही ढग हलणार नव्हता. इथे कंबर कसणं संपून अट्टहास सुरू झाला होता, आणि नेमकी ती रेघ कुठे ओलांडली हे त्यांना कळलं नव्हतं. दोन वर्षांनी गारपिटीत बाग गेली तेव्हा हेच दादा उरलेल्या झाडांकडेही फिरकेनासे झाले. पंचनाम्याच्या दिवशी घरातच बसून राहिले. अट्टहास मोडून पडतो तेव्हा तो बहुतेकदा थेट हातपाय गाळण्यावर येऊन थांबतो. मधली ‘समजून सोडणं’ ही पायरी त्या माणसाने कधी शिकलेलीच नसते.

शापिरो यांच्यासोबत काम केलेले जॉन अ‍ॅस्टिन यांनी स्तनांच्या कर्करोगाला तोंड देणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला. ज्यांना उपचारांत ठामपणे पुढाकारही घेता येत होता आणि जे बदलता येत नाही ते शांतपणे स्वीकारताही येत होतं, त्या मनाने जास्त सावरलेल्या होत्या.

सोडून देणं म्हणजे हार मानणंच ना?

गंगापूर धरणाचं उदाहरण घ्या. ऑगस्टमध्ये धरण भरत आलं की टप्प्याटप्प्याने विसर्ग सुरू होतो. गंगेचं (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात) पाणी वाढतं आणि अख्खं नाशिक विचारायला लागतं, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठे लागलं? कमरेला की छातीला? धरणावरची माणसं पाणी सोडतात तेव्हा त्यांनी हार मानलेली नसते. किती, कधी, कोणत्या दरवाजाने, हे ते ठरवतात, खालच्या गावांना आधी कळवतात. नुसतं धरूनच ठेवायचं म्हटलं तर धोका धरणालाच. समजून सोडणं हे असं असतं. त्यात निर्णय आपला असतो.

हातपाय गाळण्याचा अभ्यास मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ पासून केला. विजेचा झटका टाळण्याचा कोणताही मार्ग न ठेवलेल्या कुत्र्यांनी पुढे मार्ग मोकळा झाल्यावरही प्रयत्न केला नाही. त्याला ‘शिकलेली असहायता’ म्हटलं गेलं. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे आपलं मत बदललं. दीर्घ त्रासापुढे गारठून जाणं ही मेंदूची मूळ प्रतिक्रियाच आहे; शिकावं लागतं ते नियंत्रण. माझ्या कामात या बदलाने फार मोठा फरक पडला. खचलेल्या माणसाला मी आता ‘तुम्ही असं व्हायला कुठे शिकलात’ असं विचारत नाही. त्याने काहीही वाईट शिकलेलं नसतं. हळूहळू, छोट्या अनुभवांतून, त्याच्या मेंदूला परत दाखवावं लागतं की हात हलवला तर काहीतरी हलतं.

आम्ही श्रद्धाळू आहोत. देवावर भार टाकणं चुकीचं आहे का?

हा प्रश्न लोक थोडं घाबरत विचारतात, म्हणून स्पष्ट सांगते: अजिबात नाही. जॉन वाइझ, फ्रेड रॉथबॉम आणि थॉमस ब्लॅकबर्न यांनी १९८४ मध्ये जपान आणि अमेरिकेची तुलना करताना दाखवलं की परिस्थिती बदलणं हा नियंत्रणाचा एक मार्ग आहे आणि परिस्थितीशी स्वतःला जुळवून घेणं हा दुसरा. पहिला अमेरिकेत जास्त मानाचा, दुसरा जपानमध्ये. आपल्याकडे दोन्ही पूर्वीपासून नांदतात. एकाच घरात ‘प्रयत्नांती परमेश्वर’ही म्हणतात आणि ‘आलिया भोगासी असावे सादर’ही.

मी फक्त एवढंच विचारते: रामकुंडावरून किंवा वणीच्या गडावरून परत आल्यावर तुम्ही काय करता? एका ताईंच्या छातीत गाठ लागली होती. त्यांनी सप्तशृंगीला नवस बोलला, आणि दुसऱ्या दिवशी तपासणीला गेल्या. नवसाने त्यांना दवाखान्याची पायरी चढायचं बळ दिलं. दुसऱ्या एका घरात नवस फेडेपर्यंत तपासणी नको असं ठरलं, आणि सात महिने गेले. देवी तीच होती. दुसऱ्या घरात भक्तीच्या आडोशाला भीती बसली होती, आणि त्या भीतीशी कोणीतरी प्रेमाने बोलायला हवं होतं.

मुलीची वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ (NEET) परीक्षा आहे. मी लक्ष नाही घालायचं का?

घाला. पण लक्ष घालण्याचे दोन प्रकार आहेत. ब्रायन बार्बर यांनी १९९६ मध्ये ते वेगळे करून दाखवले. मुलगी कुठे आहे हे माहीत असणं, रात्री किती वाजता घरी यायचं याचा नियम असणं, हे वागण्यावरचं नियंत्रण. त्याचा मुलांना साधारणपणे फायदाच होतो. दुसरं मनावरचं नियंत्रण: ‘आम्ही तुझ्यासाठी एवढं करतो आणि तू...’, मार्क कमी पडले की दोन दिवस अबोला, तिला काय वाटलं पाहिजे हेही आपणच सांगणं. हे किशोरवयातल्या नैराश्याशी जोडलेलं आढळतं.

माझ्याकडे आलेल्या एका आईने मुलीच्या अभ्यासाच्या टेबलाशेजारी स्वतःची खुर्ची ठेवली होती. विणकाम घेऊन बसायची, बोलायची काही नाही. ‘मी तर गप्पच असते,’ असं त्या म्हणाल्या. मुलगी मला म्हणाली, ‘काकू, मी पान उलटलं नाही की सुया थांबतात.’

खुर्ची स्वयंपाकघरात नेली. सुरुवातीला आईला फार जड गेलं, मुलीला नाही.

आईबाबांना घरी काही म्हणजे काही करू देत नाही, तरी ते चिडचिड का करतात?

‘काही करू देत नाही’ म्हणूनच.

ही चूक मी स्वतः केली आहे. आईचं खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, ती घरी आली आणि मी सगळं काढून घेतलं. स्वयंपाकघर बंद, गंगेवरचा बुधवारचा बाजार बंद, औषधाची डबीसुद्धा मीच भरायची. पेशाने समुपदेशक असून मला दिसलं नाही. ती बोलेनाशी झाली, मग वरण खारट आहे म्हणून रडली. एका दुपारी म्हणाली, ‘माझ्याच घरात मला पाहुणी करून टाकलंस.’

एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात एक प्रयोग केला. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितलं की तुमच्या खोलीची मांडणी, सिनेमाचा दिवस, हे तुम्ही ठरवा. एक रोप निवडा, आणि त्याची काळजी तुम्हीच घ्या. दुसऱ्या मजल्यावर तशीच रोपं दिली, पण पाणी घालायचं काम परिचारिकांचं. पहिल्या मजल्यावरचे लोक जास्त आनंदी आणि हिंडते-फिरते झाले. १८ महिन्यांनी पाहिलं तेव्हा पहिल्या गटातले १५ टक्के लोक वारले होते, दुसऱ्यातले ३० टक्के. गट लहान होते, त्यामुळे मृत्यूच्या आकड्यांवर मी फार भार देत नाही. रोपाच्या गोष्टीवर देते.

याच काळातला रिचर्ड शुल्झ यांचा अभ्यास कमी सांगितला जातो. त्यांनी वृद्धांना भेटायला विद्यार्थी पाठवले. भेट कधी आणि किती वेळ, हे ज्यांना स्वतः ठरवता आलं त्यांची तब्येत सुधारली. पण प्रयोग संपून भेटी थांबल्या, आणि पुढे पाहणी केली तेव्हा तेच लोक जास्त खालावलेले आढळले. आजीला चार दिवस कौतुकाने किल्ल्या द्यायच्या आणि पाहुणे गेले की काढून घ्यायच्या, असं करू नका.

आमच्याकडे आता आजची भाजी आई ठरवते. वर्तमानपत्र पसरून मेथीची जुडी तिच्यापुढे ठेवली की ती एकेक काडी नखाने तपासते, कोवळा देठ ठेवते, जून टाकते. पाऊण तास लागतो. मला पाच मिनिटं लागली असती. काही दिवस ती शेपू सांगते, जो घरात तिच्याशिवाय कोणाला आवडत नाही. आम्ही शेपू खातो.

कंपनीत माझ्या हातात काहीच नाही. पाळी, टार्गेट, सगळं वरून येतं. मी काय करू?

तुमची तक्रार खरी आहे, हे आधी. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं की माणसाला सगळ्यात जास्त झिजवतं ते नुसतं जास्त काम नाही. कामाचा दाब जास्त आणि ते कसं करायचं हे ठरवण्याची मोकळीक कमी, ही जोडी. लंडनमधल्या दहा हजारांहून अधिक सरकारी कर्मचाऱ्यांवर १९८५ पासून चाललेल्या व्हाइटहॉल अभ्यासात, ज्यांचं कामावर नियंत्रण कमी त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त असल्याचं आढळलं.

त्यामुळे कामगारांसाठी ताणमुक्तीचं व्याख्यान ठेवा असं मला कोणी सांगतं, तेव्हा मी आधी विचारते की पाळ्यांचं पत्रक किती दिवस आधी लागतं. ते रविवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर येत असेल तर प्राणायामाने फार फरक पडणार नाही. तुमच्या बाजूने: जे ठरवता येतं ते शोधा, ते कितीही छोटं असो. जेवायला कोणाबरोबर बसायचं, घरी जाताना कोणत्या रस्त्याने. आणि पाळीपत्रकाची मागणी एकट्याने न करता चौघांनी मिळून करा.

नवरा माझा फोन तपासतो, कुठे होतीस त्याचा हिशोब मागतो. म्हणतो, काळजी आहे म्हणून. तोही ‘स्वभाव’च का?

नाही. हे पान स्वतःच्या आयुष्याशी जुळवून घेण्याबद्दल आहे. दुसऱ्या प्रौढ माणसाला मुठीत ठेवणं हा छळ आहे. शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात येतो. ‘समजून सोडा’ हा सल्ला इथे लागू नाही, आणि कोणी तो दिला तर ऐकू नका. महिला हेल्पलाइन १८१ वर बोला.

ऑनलाइन टेस्ट देऊन माझा प्रकार कळेल?

थोडा अंदाज येईल, पण ‘प्रकार’ असा एकच नसतो. बागेत कंबर कसणारा माणूस मुलाच्या लग्नाच्या बाबतीत अट्टहासी आणि स्वतःच्या मधुमेहाबाबत हातपाय गाळलेला असू शकतो.

ही सवय बदलता येते का? सुरुवात कुठून करायची?

येते, पण वेळ लागतो. त्या द्राक्षवाल्या दादांबरोबर आम्ही असं केलं. फवारणीची नोंद ठेवायची त्यांची डायरी होतीच, तिच्याच मागच्या पानांवर रोज तीन रकाने: माझ्या हातातलं, माझ्या शब्दाने हलेल असं, हाताबाहेरचं. पहिल्या आठवड्यात ‘पाऊस’ पहिल्या रकान्यात होता. मी काही बोलले नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांनीच तो खोडून तिसऱ्यात नेला, आणि पहिल्यात लिहिलं: ‘विम्याचा फॉर्म’.

ढगांचा नकाशा आम्ही बंद केला नाही. रात्री नऊ आणि पहाटे पाच, दोनदाच. फोन चार्जिंगला ओसरीत. मधे जाग आली तर उठून पाणी प्यायचं आणि पत्नीला हाक न मारता परत पडायचं. पहिल्या चार रात्री ते ओसरीपर्यंत गेले. पाचव्या रात्री दारातून परतले.

अट्टहासाची सवय असेल तर रोज एक गोष्ट मुद्दाम अर्धवट किंवा दुसऱ्याच्या पद्धतीने होऊ द्या. सुनेने डबे उलटसुलट लावले तर लावू दे. हातपाय गळाले असतील तर याच्या उलट: रोज एकच काम, ज्याचं फळ त्याच दिवशी दिसेल. अंगण झाडणं, एक बिल भरणं, दाढी करणं. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये म्हटलं होतं की ‘मला जमेल’ हा विश्वास सगळ्यात जास्त बळावतो तो स्वतः काही जमवल्याच्या अनुभवाने. उपदेशाचा नंबर त्याच्या बराच खाली लागतो.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

दोन आठवड्यांहून जास्त झोप, भूक किंवा कामातलं मन उडालं असेल तर. तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा तपासल्याशिवाय राहवत नसेल आणि त्यात दिवसाचा तास-दीड तास जात असेल तर. मरणाचे विचार येत असतील तर आजच, थांबू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर चोवीस तास फोन करता येतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. घरात बोलायला अडचण असेल तर गच्चीवरून करा, बागेतून करा.

पहिल्यांदा भेटायला येताना काय आणायचं?

एक वही. आधी काही लिहून आणायची गरज नाही. बरोबर कोणी यावंसं वाटत असेल तर आणा. बाहेर बाक आहे, तिथे ते बसतील.